इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र: दुर्बीण अष्टमीला बोलवा

प्रति,
लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, टिळक नगर आणि इंदूरच्या इतर वस्त्यांतल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह, महिला मंडळांच्या ताई आणि गणेशोत्सवात रात्र-रात्र राबणारे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

नवरात्र उठलं की आमच्या लहानशा गटाला फोन यायला लागतात. "कोजागिरीला गच्चीवर कार्यक्रम आहे, दूध आटवणार आहोत, तुमची दुर्बीण घेऊन या, मुलांना चंद्र दाखवा." हे बोलावणं इतक्या प्रेमाचं असतं की नाही म्हणवत नाही. यंदा तुमच्या कार्यकारिणीच्या बैठका सुरू व्हायच्या आधी मात्र एक मागणी लिहूनच करते आहे. चंद्र दाखवायचा असेल तर कार्तिक शुद्ध अष्टमीच्या जवळचा शनिवार-रविवार द्या. गच्चीऐवजी मैदान द्या. आणि मुख्य म्हणजे तुमची माणसं द्या. दुर्बिणी आमच्याकडे आहेत, दुर्बिणीपाशी उभी राहणारी माणसं कमी पडतात.

आधी चंद्राचं सांगते. पौर्णिमेच्या रात्री सूर्य आपल्या पाठीमागे आणि चंद्र समोर असतो. उजेड चंद्राच्या अंगावर थेट समोरून पडतो, त्यामुळे आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर सावली जवळजवळ उरतच नाही. पाच किलोमीटर उंचीचा डोंगर असो की शंभर किलोमीटर रुंदीचं विवर, सावलीशिवाय त्याची उंची-खोली कळत नाही. घरातली भिंत ट्यूबलाइटच्या उजेडात सपाट दिसते, आणि दिवे गेल्यावर तिच्याच कडेने टॉर्च मारला की गिलाव्यातला एकेक उंचवटा उठून दिसतो, तसंच हे आहे. त्यात पौर्णिमेचा चंद्र भलताच प्रखर. अष्टमीला चंद्र अर्धा दिसतो, म्हणून त्याचा उजेडही पौर्णिमेच्या निम्मा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा असतो. आठ इंची दुर्बिणीतून पौर्णिमेचा चंद्र पाहिलेली मुलं डोळा चोळत बाजूला होतात आणि "पांढरा आहे" एवढंच सांगतात. टायको विवरापासून चहूकडे पसरलेले पांढरे पट्टे पौर्णिमेलाच उत्तम दिसतात, हे खरं. पण पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या माणसाला दाखवायची गोष्ट ती नव्हे.

अष्टमीला काय होतं ते पाहा. उजेड आणि अंधार यांची सीमारेषा चंद्राच्या मधोमध येते. त्या रेषेवर उभं राहणाऱ्याला सूर्य नुकता उगवताना दिसला असता. कोवळं ऊन तिरपं येतं, विवरांच्या काठांच्या सावल्या तळावर लांबवर पसरतात, आणि रेषेच्या पलीकडे, काळोखात, एखाद-दुसरा प्रकाशाचा ठिपका सुटा चमकत असतो. तो डोंगराचा माथा. पायथ्याशी अजून रात्र आहे आणि शिखरावर सकाळ झाली आहे. अष्टमीच्या सुमारास अपेनाइन पर्वतरांग अशी उजेडात येत असते. तिच्यातल्या सर्वांत उंच शिखराची उंची पाच किलोमीटरच्या वर आहे. चंद्राच्या मध्याशी टॉलेमियस, अल्फोन्सस, आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक दिसतात, त्यांतलं टॉलेमियस सुमारे १५० किलोमीटर रुंद. म्हणजे इंदूर, देवास आणि उज्जैन तिन्ही शहरं त्यात ठेवली तरी भरपूर जागा उरेल. नवमी-दशमीला कोपर्निकस उजेडात येतं, ९३ किलोमीटरचं, आत पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती आणि मधोमध शिखरं. ते पाहिलेला माणूस दुर्बिणीपासून लवकर हलत नाही.

आपल्या मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट त्या रात्री आकाशात असते. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, त्या दिवशी निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. हा योगायोग नव्हता. लँडर सौरऊर्जेवर चालणार होता, चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा असतो, आणि तो अख्खा दिवस कामाला मिळावा म्हणून उतरायच्या जागी सूर्य उगवला की लगेच उतरायचं ठरलेलं होतं. ती जागा चंद्राच्या दक्षिणेकडच्या खडबडीत भागात, जवळपास ६९ अंश दक्षिणेला आहे. अष्टमीला ती उजेडात असते. लँडर स्वतः दिसत नाही, झेंडाही दिसत नाही. आमच्या दुर्बिणीतून चंद्रावरची दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान वस्तू ओळखता येत नाही, आणि हे आम्ही मुलांना स्पष्ट सांगतो. पण "त्या काठाजवळ बघ, तिथे आपलं यान उभं आहे" म्हटल्यावर सातवीतली मुलगी ज्या तऱ्हेने पुन्हा वाकून बघते, ते पाहायला तुम्ही यावं.

आणि आपल्याला हे ठरवायला अवघड काय आहे? पंचांग घराघरात आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पुढे सरकते, हा तिथीचा हिशेबच आहे. शुद्ध अष्टमीच्या मध्यावर हे अंतर बरोबर ९० अंश होतं, म्हणजे उजेड अगदी काटकोनात, बाजूने. ज्या घरात चतुर्थीचा चंद्रोदय पाहून उपास सुटतो, त्या घराला चंद्र केव्हा, कुठे आणि किती दिसेल हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. जगभरात खगोलशास्त्र दिन साजरा होतो, तो वर्षाच्या ठरावीक तारखेला नसतो. शुक्ल पक्षातल्या अर्ध्या चंद्राच्या जवळचा शनिवार धरून तो दरवर्षी ठरवतात. लोकांना चंद्र दाखवण्याच्या आंतरराष्ट्रीय रात्रीचंही तेच. कारण वर सांगितलं तेच आहे, आणि दुसरं कारण वेळेचं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो, इमारतींच्या वर यायला आठ-साडेआठ वाजतात, तोवर लहान मुलं पेंगुळलेली असतात. अष्टमीचा चंद्र दिवेलागणीलाच दक्षिणेकडे चांगला वर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. सात ते दहा ही कुटुंबांची वेळ त्यात नेमकी बसते.

कार्तिकच का, तर दिवाळीचे पाहुणे परतलेले असतात, तुळशीच्या लग्नांची गडबड सुरू व्हायची असते, पावसाचे ढग गेलेले असतात आणि डिसेंबरसारखी थंडी पडलेली नसते. येती दोन-तीन वर्षं त्या दिवसांत संध्याकाळी शनीही आकाशात आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला धारेवरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसतच नव्हती. आता ती वर्षागणिक पुन्हा उघडत चालली आहेत. पश्चिमेला हंस आणि श्रवण, वायव्येला अभिजित, उत्तरेला शर्मिष्ठा, आणि पूर्वेकडून कृत्तिका वर येत असतात, मागोमाग रोहिणी. शनिवार-रविवारला नेमकी अष्टमी आली नाही तरी चालेल. पंचमी ते दशमी यांतला कोणताही दिवस आम्हाला पुरतो.

आता माणसांचं. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण मंडळांचा समज असा असतो की दुर्बीण आली, जाणकार आला, म्हणजे कार्यक्रम झाला. तसा तो होत नाही.

आमच्या दुर्बिणी डॉब्सोनियन पद्धतीच्या आहेत. लाकडी पेटीवर बसवलेली जाड नळी, हाताने फिरवायची, मोटर नाही. शनीसाठी दहा मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवला की १२० पट मोठं दिसतं, पण आकाशाचा जो तुकडा दिसतो तो अर्ध्या अंशापेक्षाही लहान. पृथ्वी फिरते, त्यामुळे कोणताही ग्रह त्या तुकड्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला पावणेदोन-दोन मिनिटांत पोचतो आणि बाहेर जातो. म्हणजे दर दोन-तीन माणसांमागे दुर्बिणीवाल्याला स्वतः डोळा लावून ग्रह पुन्हा मधोमध आणावा लागतो. त्याचं सगळं लक्ष तिथे असतं. तेवढ्यात रांगेतून प्रश्न येतात, कुणी फ्लॅश मारून फोटो काढतं, एखादं लहान मूल नळीला लोंबकळतं, एखादे काका आयपीसला मुठीत धरून स्वतःकडे ओढतात. ग्रह गेला. पुन्हा शोधा. मागे रांग खोळंबलेली.

आणि यापेक्षाही मोठी अडचण अशी की पुष्कळ लोक काहीही न दिसता "दिसलं, दिसलं" म्हणतात. मागे रांग उभी आहे, आपल्यामुळे सगळे थांबलेत, आपल्यालाच कसं दिसत नाही, या संकोचाने. विशेषतः वयस्क बायका आणि शाळकरी मुलं. डोळा आयपीसच्या वर असतो, भुवईला आयपीस टेकलेला असतो, समोर नुसता काळोख, आणि तरी "छान आहे हो" म्हणून त्या पुढे सरकतात. तासभर रांगेत उभं राहून काहीच न पाहता घरी गेलेलं माणूस ही आमच्या कामातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. त्यावर उपाय एकच. "दिसलं का?" असं विचारायचं नाही, "काय दिसलं ते सांगा" म्हणायचं. चंद्र असेल तर "काळी बाजू कुठल्या अंगाला आहे?", शनी असेल तर "कडं आडवं आहे की तिरपं?" उत्तर आलं नाही तर शांतपणे सांगायचं, काकू, जरा मागे व्हा, उजेडाचा बारीक गोल दिसतोय ना, त्याच्याकडे हळूहळू डोळा न्या, दुसरा डोळा हाताने झाका, घाई नाही. आणि मग श्वास आत घेतल्याचा आवाज येतो. तो आला की समजायचं, दिसलं.

हे काम दुर्बिणीवाला एकट्याने करू शकत नाही. एका दुर्बिणीला तीन माणसं हवीत. एक दुर्बिणीपाशी, तो आमचा. दुसरं माणूस रांगेत: पुढे काय दिसणार आहे, कसं पाहायचं, नळीला हात लावायचा नाही, नजरेचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसच्या चकतीने स्पष्ट करून घ्यायचं आणि सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवायचा, हे सांगणारं. तिसरं माणूस पाहून झालेल्यांशी बोलणारं. पाहून बाहेर पडलेल्या माणसाला तेव्हाच सर्वांत जास्त प्रश्न असतात. चंद्र उलटा का दिसला? (आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटीच पडते.) तारे मोठे का दिसले नाहीत? हे सगळं खरंच आत्ताचं आहे का? त्याला तिथे कुणी भेटलं नाही तर तो प्रश्न घेऊन घरी जातो आणि सकाळपर्यंत विसरतो.

दुसरं आणि तिसरं माणूस तुमच्यात आहे. मी तुमच्या पंगती पाहिल्या आहेत. गणेशोत्सवातल्या महाप्रसादाला शेकडो पानं उठतात आणि एकही माणूस उपाशी किंवा रागावून जात नाही, कारण कुणाला आधी बसवायचं, कुणाला खुर्ची द्यायची, कुठल्या आजींना फार वेळ उभं राहवत नाही, हे तुमच्या महिला मंडळाच्या ताईंना नावानिशी ठाऊक असतं. खगोलशास्त्र शिकवायला आम्हाला एक संध्याकाळ पुरते. माणसं सांभाळायची ही समज आम्ही शिकवू शकत नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले काका, अकरावी-बारावीची मुलं, ज्या गृहिणींना "मला विज्ञानातलं काही कळत नाही" असं वाटतं त्या, सगळे चालतील. पाच-सहा वाक्यं पाठ असली आणि "याचं उत्तर ठाऊक नाही, विचारून सांगते" असं म्हणण्याची तयारी असली की झालं.

तालीम कोजागिरीलाच करू. त्या रात्री आम्ही एक दुर्बीण घेऊन येऊ, तुमचं दूधही पिऊ, आणि तुमच्या स्वयंसेवकांना दुर्बिणीभोवती उभं करू. रांग कशी लावायची, लहान मुलांसाठी स्टूल कुठे ठेवायचं, हे त्यांना कळेल. त्यांनी पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहिलेला असला की तीन आठवड्यांनी अष्टमीचा चंद्र पाहताना फरक त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसेल, आणि मग तो दुसऱ्यांना सांगणं सोपं जाईल.

मैदानाचा आग्रह का, तेही सांगते. मंडळाच्या गच्चीवर सभासद येतात, सभासदांचे पाहुणे येतात. खाली रस्त्यावर उभा असलेला माणूस वर येत नाही, त्याला बोलावलं तरी संकोच वाटतो. जॉन डॉब्सन या गृहस्थांनी, ज्यांच्या नावाने आमच्या दुर्बिणी ओळखल्या जातात, सॅन फ्रान्सिस्कोत १९६८ साली फुटपाथवर दुर्बिणी लावायला सुरुवात केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही हाक मारून आकाश दाखवलं. टाकाऊ साहित्यातून स्वस्त आणि मोठी दुर्बीण बनवायची त्यांची पद्धत मुळात एवढ्यासाठीच होती, की ती लोकांत नेता यावी.

मागे एका वस्तीत आम्ही मैदानाच्या फाटकाजवळ दुर्बिणी लावल्या होत्या. शिंगाडे विकणारा एक गाडीवाला बराच वेळ लांबून बघत उभा होता. रांगेवर असलेल्या काकूंनी त्याला हाक मारली, "भैया, आप भी देखो ना." त्याने शनी पाहिला. मग तो दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि नळीच्या तोंडात वाकून बघायला लागला. आत चित्र चिकटवलंय का, हे त्याला पाहायचं होतं. हा प्रश्न त्या संध्याकाळी इतरांच्याही मनात होता, त्याने तो तपासला इतकंच. आमच्यातल्या मुलाने त्याला पुन्हा आयपीसपाशी उभं केलं आणि सांगितलं, आता मी दुर्बिणीला हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका, नुसतं बघत राहा. शनी हळूहळू सरकत काठाला गेला, अर्धा कापला गेला आणि नाहीसा झाला. "कुठे गेला?" "तो नाही गेला. आपण फिरलो." त्या माणसाने गाडी तशीच ठेवून बायकोला फोन लावला आणि मुलांना घेऊन यायला सांगितलं. मंडळाच्या बंद गच्चीवर हे घडलं नसतं. कार्यक्रमाचा फलक मराठीत असू दे, रांगेत मात्र हिंदी, माळवी, जी येईल ती भाषा चालू दे.

फाटकाजवळ एक बुटक्या तिवईवरची लहान दुर्बीणही ठेवू, खुर्चीवर किंवा व्हीलचेअरवर बसल्या-बसल्या पाहता येईल अशी. गुडघ्यांमुळे वाकता न येणाऱ्या आजी-आजोबांना दरवेळी "राहू दे, मुलांना दाखवा" म्हणत परत जावं लागतं, ते यंदा तरी होऊ नये. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही चंद्र छान दिसतो. त्यांना मुद्दाम घेऊन या.

उजेडाबद्दल थोडं. चंद्राला आणि शनीला मैदानावरच्या दिव्यांचा फारसा त्रास होत नाही. कृत्तिका किंवा देवयानीतली दीर्घिका दाखवायची झाली तर मात्र होतो. डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक हॅलोजन ती क्षणात घालवतो. त्या दोन संध्याकाळी मैदानावरचे मोठे दिवे आणि कमानीची रोषणाई बंद ठेवता आली तर पाहा. चालायच्या वाटेवर आम्ही लाल जिलेटिनचा कागद लावलेले कंदील ठेवू, लाल उजेडाने डोळे बिघडत नाहीत. आसपासच्या घरांना तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील, आम्ही सांगून ऐकणार नाहीत. ज्या शहराने ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा ही सवय घरोघरी लावून २०१७ पासून देशात स्वच्छतेत नाव मिळवलं, त्या शहराला दोन संध्याकाळ दिवे मालवणं जड नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथे जाऊन आकाश पाहणं वेगळंच, पण वस्तीतल्या सगळ्यांना पेंचला नेता येत नाही, म्हणून वस्तीतच जमेल तेवढा काळोख करायचा.

रविवारची सकाळ आणि दुपारही आम्हाला द्या. सकाळी सूर्य दाखवू. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवायचा खास फिल्टर आमच्याकडे आहे, त्यातून सूर्यावरचे डाग दिसतात. इथे मात्र आम्ही कुणाचंही ऐकणार नाही. फिल्टर काढायचा नाही, शोधक दुर्बिणीचं झाकण उघडायचं नाही, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, काळा गॉगल यांतलं काही चालणार नाही, आणि सूर्याकडे रोखलेली दुर्बीण क्षणभरही सोडून जायचं नाही. त्यासाठी प्रत्येक दुर्बिणीपाशी कायम दोन मोठी माणसं लागतील.

दुपारी मुलांसोबत काठीच्या सावलीचा प्रयोग. जमिनीत सरळ काठी रोवायची आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सर्वांत आखूड सावली ठीक बाराला येत नाही. नोव्हेंबरात इंदुरात ती बारा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी येते, याचं एक कारण म्हणजे आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आणि आपण पावणेशहात्तरच्या थोडे पुढे. घड्याळ आणि सूर्य यांच्यातला हा फरक मुलं स्वतः मोजतात तेव्हा त्यांना फार नवल वाटतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात इंदुरात भर दुपारी काठीची सावली काही क्षण नाहीशी होते, कारण कर्कवृत्त आपल्या थोडंसंच उत्तरेला आहे. जुलैला ढग असतात, जूनची संधी बहुधा मिळते.

हे सगळं आपल्याला परकं नाही, हे मला मंडळांना आवर्जून सांगायचं आहे. उज्जैनची वेधशाळा इथून दीड तासावर आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात ती बांधली, पुढे ती पडीक झाली, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार करवला. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिथलं काम पाहिलं. तिथलं सम्राट यंत्र आजही ऊन असेल तेव्हा वेळ दाखवतं. उज्जैनच्या पुढे महिदपूरजवळ, कर्कवृत्ताला लागून असलेल्या डोंगला या गावाचं महत्त्व ओळखलं ते पद्मश्री विष्णु श्रीधर वाकणकरांनी, ज्यांनी भीमबेटकाची चित्रंही जगापुढे आणली. २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा खुद्द इंदूरवरून गेला. आपल्या वस्त्यांतून नाटकं होतात, गाणं होतं, व्याख्यानमाला होतात, आणि चांगल्या होतात. त्यांच्या शेजारी आकाशालाही एक जागा असावी. मंडळाच्या सहलीची बस कधीतरी उज्जैनला गेली तर महाकालाच्या दर्शनानंतर तासभर वेधशाळेत थांबवा, एवढं जाता जाता.

काही गोष्टी मात्र कृपा करून नकोत. उद्घाटनाचं भाषण, शाल-श्रीफळ, व्यासपीठ आणि त्यावरचे दिवे यांत पहिला तास जातो, आणि अष्टमीच्या चंद्राचा सर्वांत सोयीचा तास तोच असतो. आमचा सत्कार करू नका. शेजारी राशिभविष्याचा किंवा ग्रहांच्या खड्यांचा स्टॉल लावू नका. ज्या मुलाने आत्ताच शनीचं कडं पाहून "किती सुंदर" म्हटलं, त्याला दहा पावलांवर त्याच शनीची भीती घालायची, हे मला सहन होत नाही. कुणाच्या घरच्या श्रद्धेवर आम्ही बोलत नाही, बोलणारही नाही, पण त्या मैदानावर ते दोन दिवस शनी फक्त पाहायचा असू दे.

मोबाइलवर फोटो सगळ्यांना हवा असतो आणि त्यात गैर काही नाही. त्यासाठी शेवटी एक दुर्बीण वेगळी ठेवू, फोन बसवायच्या क्लॅम्पसकट. रांगेतल्या दुर्बिणीवर मात्र आधी डोळा.

ढग आले तर घरी पाठवायचं नाही. मंडळाच्या हॉलमध्ये एक उघडा बल्ब आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक रबरी चेंडू एवढ्यावर चंद्राच्या कला करून दाखवता येतात. चेंडू हातात धरून स्वतःभोवती फिरायचं, बस. आणि प्रश्नांची एक पेटी ठेवू. २० मे २०२५ ला जे आपल्यातून गेले, ते डॉ. जयंत नारळीकर मुलांनी सही मागितली तर सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. मंडळाने पोस्टकार्डं आणावीत, मुलांनी प्रश्न लिहावेत, आणि आलेल्या प्रत्येक पोस्टकार्डाला आमच्या गटाकडून लेखी उत्तर जाईल, ही जबाबदारी मी घेते.

पैसे नकोत. मैदान, पिण्याचं पाणी, बायकांसाठी जवळ स्वच्छतागृहाची सोय, पंचवीस-तीस प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन-तीन भक्कम स्टुलं, आणि प्रत्येक मंडळाकडून दहा-बारा माणसं. पाच दुर्बिणी आम्ही आणू. दोन-तीन शेजारच्या मंडळांनी मिळून एकच मैदान घेतलं तर जास्त बरं, माणसंही जास्त मिळतील. परिसरातल्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना तुमच्या लेटरहेडवर पत्र गेलं तर मुलं येतील, त्या मुलांना शनिवारी सात वाजता पहिली रांग द्या.

मैदानाची परवानगी आणि विजेच्या दिव्यांचं बोलणं व्हायला महिनाभर तरी लागतो, म्हणून नवरात्र बसायच्या आधीच्या बैठकीत हा विषय घ्या आणि स्वयंसेवकांची यादी तयार ठेवा. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे फक्त दोन गोष्टी लिहा: शनिवार की रविवार, आणि रांगेवर उभं राहायला आवडेल की पाहून झालेल्यांशी बोलायला. ज्यांना दोन्ही नको आणि नुसतं दुर्बिणीपाशी उभं राहून शिकायचं आहे, त्यांचीही नावं लिहा. त्यांना कोजागिरीपासून माझ्याजवळ उभं करीन.

आपली नम्र,
दुर्बिणीपाशी उभी राहणारी एक स्वयंसेविका
इंदूर